पंचवीस टक्के सरकारचे, सव्वासहा टक्के तुमचे

ब्रिटनमध्ये २०२३-२४ या आर्थिक वर्षात सुमारे ५७ हजार माणसांनी एका सरकारी योजनेच्या बचत खात्यातून पैसे काढून आयुष्यातले पहिले घर घेतले. त्याच वर्षी त्याच योजनेतून जवळजवळ एक लाख माणसांनी नियमात न बसणाऱ्या कारणासाठी पैसे काढले आणि त्याबद्दल दंड सोसला. हा दंड साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होता. घर घ्यायला हातभार लागावा म्हणून काढलेल्या योजनेत घर घेणाऱ्यांपेक्षा दंड भरणारेच जास्त निघाले.

या खात्याचे नाव लाइफटाइम आयसा. बोलताना तिथे त्याला सरळ ‘लायसा’ म्हणतात. आयसा म्हणजे १९९९ पासून ब्रिटनमध्ये चालत आलेले करमुक्त बचतीचे खाते. त्यात वर्षाला एकूण २० हजार पौंडांपर्यंत ठेवता येतात, आणि व्याजावर किंवा शेअर्सच्या नफ्यावर कर लागत नाही. लायसा हा त्याचाच एक पोटप्रकार. फरक असा की यात सरकार स्वतःच्या खिशातून भर घालते. तुम्ही वर्षाला ४ हजार पौंडांपर्यंत ठेवायचे, सरकार त्यावर २५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १ हजार पौंड टाकते. खाते १८ ते ३९ या वयात उघडावे लागते आणि पन्नासाव्या वाढदिवसापर्यंत त्यात पैसे भरता येतात. अठराव्या वर्षी सुरुवात करून एकही वर्ष न चुकवणाऱ्याला सरकारकडून ३२ हजार पौंडांच्या घरात रक्कम मिळू शकते. एवढा परतावा कोणतीही बँक देणार नाही.

पैसे काढायच्या वाटा मात्र मोजक्या आहेत. पहिले घर घेताना काढा, किंवा वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर काढा. डॉक्टरांनी वर्षभराच्या आतले आयुष्य उरल्याचे सांगितले असेल तरीही काढता येतात. घरासाठी काढायचे तर घराची किंमत साडेचार लाख पौंडांच्या आत हवी, ते गृहकर्ज काढूनच घ्यायला हवे, स्वतः राहण्यासाठी हवे आणि खात्यात पहिला पैसा पडून बारा महिने झालेले हवेत. या चौकटीबाहेर पैसे काढले की काढलेल्या रकमेवर २५ टक्के कापले जातात.

पंचवीस टक्के दिले आणि पंचवीस टक्के परत घेतले, म्हणजे हिशेब फिटला, असे वाटते. तो फिटत नाही. तुम्ही ८०० पौंड ठेवले, सरकारने २०० घातले, झाले १,०००. आता हजारावर २५ टक्के कापले की २५० जातात आणि हातात ७५० येतात. सरकारचे २०० तर गेलेच, शिवाय तुमच्या ८०० मधले ५० गेले. आपल्याच पैशातले सव्वासहा टक्के. खाते एक वर्ष चालवा की दहा वर्षे, हा आकडा बदलत नाही. समजा दहा वर्षांत गुंतवणूक दुप्पट झाली आणि हजाराचे दोन हजार झाले. दंड वजा जाता १,५०० उरतात. तेच ८०० पौंड साध्या आयसात ठेवले असते तर १,६०० झाले असते. पुन्हा तेच सव्वासहा टक्के. चांगल्या व्याजाच्या काळातही एक-दीड वर्षाचे व्याज एवढ्यात धुऊन निघते. खाते उघडताना हे कागदपत्रांत लिहिलेले असते, पण ‘पंचवीस टक्के दंड’ वाचून सव्वासहा टक्क्यांचा तोटा मनात उभा राहायला कागद-पेन्सिल घ्यावी लागते. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत कोणते पंचवीस टक्के असतात, हे सांगायची गरज नाही.

दंड एवढा का, यावर ब्रिटिश अर्थखात्याचे म्हणणे असे की, पैसा दीर्घकाळ राहावा म्हणूनच भर दिली जाते आणि मध्येच काढणाऱ्याला थोडा चिमटा बसला पाहिजे. सरकारच्या भरेवर मिळालेले व्याजही परत यायला हवे. यातली दुसरी बाजू पटण्यासारखी आहे. पहिली तितकी नाही. कोविडच्या काळात, मार्च २०२० पासून ५ एप्रिल २०२१ पर्यंत, हा दंड २० टक्क्यांवर आणला होता. हजाराचे २० टक्के म्हणजे २००. सरकारची भर सरकारला, तुमचे पैसे तुम्हाला. सगळे सरळ, आणि भरेवरचे व्याजही त्यात सरकारकडे जाते. त्या वर्षभरात बचतीची संस्कृती बुडाल्याचे कुणी ऐकले नाही. तरीही एप्रिल २०२१ मध्ये २५ टक्के परत आले.

हे खाते असे दोन डगरींवर पाय ठेवून का उभे आहे, हे समजण्यासाठी २०१५ मध्ये जावे लागते. तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांच्या डोक्यात खरे तर पेन्शनची सगळी करव्यवस्था उलटी करण्याचा बेत होता. ब्रिटनमध्ये पेन्शनसाठी पैसे टाकताना करसवलत मिळते आणि म्हातारपणी पेन्शन घेताना कर लागतो. ऑस्बोर्न यांनी जुलै २०१५ मध्ये यावर लोकांची मते मागवली. आत्ता कर घ्यावा आणि नंतर माफ करावा, अशा मार्गाचीही त्यात चर्चा होती. सरकारी तिजोरीला ते सोयीचे, कारण कर आजच हातात पडतो. पण विरोध झाला, युरोपीय संघातून बाहेर पडायचे की नाही यावरचे सार्वमत तोंडावर आले, आणि मार्च २०१६ च्या अर्थसंकल्पात त्या मोठ्या बेताऐवजी हे छोटे खाते जाहीर झाले. तरुणांना घर की म्हातारपण अशी निवड करावी लागू नये, हा त्यामागचा सांगितलेला हेतू. सार्वमतानंतर ऑस्बोर्न यांचे पद गेले. ६ एप्रिल २०१७ ला खाते सुरू झाले तेव्हा ते तिथे नव्हते. मोठ्या बँकांनी फारसा उत्साह दाखवला नाही. रोख रकमेचा पहिला लायसा त्या जूनमध्ये स्किप्टन बिल्डिंग सोसायटीने आणला.

योजना ज्यांना लागू पडते त्यांना ती फार छान लागू पडते, हेही स्पष्ट सांगायला हवे. लीड्ससारख्या शहरात सत्ताविशीतले जोडपे आहे असे धरा. दोघांनी आपापले लायसा उघडले, चार वर्षे पूर्ण रक्कम भरली. दोघांचे मिळून ३२ हजार पौंड, वर सरकारचे ८ हजार, आणि व्याज वेगळे. एकाच घरासाठी दोघांचीही खाती वापरता येतात. अडीच लाखांच्या घराला हाताशी ४० हजार म्हणजे सोळा टक्के रक्कम स्वतःची. तिथे पाच-दहा टक्के हाताशी असले तरी कर्ज मिळते, पण स्वतःचा वाटा जसा वाढतो तसा व्याजदर उतरतो. या जोडप्याला लायसाबद्दल विचाराल तर ते त्याचे गुणच गातील, आणि ते खोटे नसेल.

फक्त त्यांच्याबाबत किती गोष्टी जुळून आल्या ते मोजा. दोघेही नोकरीत टिकले. दोघांकडे मिळून वर्षाला ८ हजार पौंड शिल्लक राहिले. २०२४ मध्ये पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याचे मधले वार्षिक वेतन कर कापण्याआधी ३७ हजार पौंडांच्या आसपास होते, हे लक्षात घेतले तर ४ हजार ही माणशी एक दशांशाहून अधिक रक्कम होते. मध्येच आजारपण नाही, काडीमोड नाही, परदेशी बदली नाही. आणि घर लंडनमध्ये नको होते. ज्यांच्या आईवडिलांकडे पैसा आहे त्यांचे काम आणखी सोपे: वर्षाला ४ हजार पालकांनी मुलाला द्यायचे, मुलाने खात्यात टाकायचे, सरकारने त्यावर हजार घालायचे. यात बेकायदा काही नाही. पण करदात्याचा पैसा कुणाच्या घरी पोचतो, हा प्रश्न त्यातून उभा राहतोच.

लंडनची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. साडेचार लाख पौंडांची कमाल किंमत २०१७ मध्ये ठरली आणि ती हललेली नाही. सबंध देशासाठी तीच. देशभराची सरासरी किंमत पावणेतीन लाखांच्या आसपास असल्यामुळे उत्तर इंग्लंडमध्ये किंवा वेल्समध्ये ही मर्यादा कुणाच्या खिजगणतीत नसते. लंडनमध्ये सरासरीच पाच लाखांच्या पुढे गेली आहे. २२ व्या वर्षी खाते उघडलेली मुलगी तिशीला येईपर्यंत तिच्या भागातली दोन खोल्यांची सदनिका मर्यादेबाहेर गेलेली असते. साडेचार लाखांना घर मिळाले तर सरकारची भर पूर्ण हातात पडते. त्याच घराला एक पौंड जास्त द्यावा लागला तर भर तर मिळत नाहीच, वर स्वतःच्या पैशातले सव्वासहा टक्के जातात. मर्यादेच्या पुढे गेल्यावर भर हळूहळू कमी व्हावी अशी उतरण इथे नाही. सरळ कडा आहे. तिने घरासाठीच साठवले, पहिलेच घर घेते आहे, त्यातच राहणार आहे, तरी तिला दंड. योजनेच्या नियमांत मला सर्वांत कमी समर्थनीय वाटलेला नियम हाच.

ब्रिटनमध्ये नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने गेलेल्या मराठी माणसांसाठी यात आणखी एक खाच आहे आणि ती अनेकांना उशिरा कळते. खाते उघडायला ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, तिथले करनिवासी असणे पुरते. म्हणून तिशीच्या आत-बाहेर गेलेले संगणक अभियंते, डॉक्टर, परिचारिका उत्साहाने लायसा उघडतात. पण ‘पहिले घर’ याचा अर्थ ब्रिटनमधले पहिले घर असा नाही. जगात कुठेही राहत्या घराच्या मालकीत आजवर तुमचा हिस्सा नसला पाहिजे. वारसाहक्काने आलेला हिस्साही धरला जातो.

आता आपल्याकडची रीत आठवा. कोथरूडला किंवा ठाण्याला फ्लॅट घेताना वडील मुलाचे नाव सहमालक म्हणून घालतात. कधी कर्जाची पात्रता वाढावी म्हणून, कधी पुढे वारसाची कटकट नको म्हणून. मुलगा तेव्हा कॉलेजात असतो, त्याने एक रुपयाही घातलेला नसतो. पण इंडेक्स-टूवर त्याचे नाव आहे. दहा वर्षांनी हाच मुलगा स्लाव किंवा मिल्टन कीन्समध्ये घर घेताना वकिलासमोर ‘मी कधीही घराचा मालक नव्हतो’ असे लिहून द्यायला बसतो आणि ते खरे नसते. आजोबा वारल्यावर गावच्या घराला वारस नोंद झाली आणि भावंडांसकट नावे लागली, असेही होते. नुसती शेतजमीन असणे वेगळे, राहत्या घरातला वाटा असणे वेगळे. कागद नेमका कसला आहे हे घराचा व्यवहार बघणाऱ्या तिथल्या वकिलाला आधीच दाखवलेले बरे, कारण लायसाचे पैसे बँक थेट त्याच्याकडेच पाठवते. नवरा-बायकोंपैकी एकाचे नाव असे आधीच लागलेले असेल तर दुसऱ्याला स्वतःचा लायसा वापरता येतो. दोघांचीही नावे लागलेली असली तर मग उरते साठीपर्यंत थांबणे. मध्येच भारतात परतलात तर खाते राहते, पण नवे पैसे भरता येत नाहीत, आणि भारतात पूर्ण निवासी झाल्यावर ब्रिटनमधली करमुक्ती भारतीय आयकर खात्यावर बंधनकारक नसते.

साठीपर्यंत थांबायचे, म्हणजे योजनेचा दुसरा अर्धा भाग. इथे उत्तर माणसागणिक बदलते आणि आकडेमोड केल्याशिवाय कळत नाही. करांचे दर आजचेच राहतील असे धरून तीन माणसे घेऊ. तिघांनाही आज आपल्या खिशातून ८० पौंड घालायचे आहेत.

पहिली, स्वतःचा छोटा व्यवसाय करणारी, २० टक्के कराच्या पट्ट्यातली. तिने ८० पौंड पेन्शनमध्ये टाकले तर करसवलत धरून १०० होतात. पण पेन्शन घेताना त्यातला चौथा हिस्सा करमुक्त, उरलेल्या ७५ वर २० टक्के, म्हणजे १५ पौंड कर. हाती ८५. लायसात ८० चे १०० होतात आणि शंभरच्या शंभर हातात येतात. तिच्यासाठी लायसा सरळसरळ सरस.

दुसरा, कंपनीत नोकरी करणारा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून टप्प्याटप्प्याने नोकरदारांना आपोआप पेन्शन योजनेत घातले जाऊ लागले, आणि एप्रिल २०१९ पासून किमान वर्गणी पगाराच्या ठरावीक भागाच्या ८ टक्के आहे. त्यातले ४ टक्के कामगाराच्या हातातून जातात, १ टक्का करसवलत, ३ टक्के मालकाचे. याच्या ८० पौंडांवर २० करसवलतीचे आणि ६० मालकाचे पडतात. झाले १६०. म्हातारपणी कर वजा जाता १३६. हा माणूस ‘सरकार पंचवीस टक्के देते’ म्हणून पेन्शन सोडून लायसाकडे वळला तर १३६ सोडून १०० घेतो.

तिसरी, ४० टक्के कराच्या पट्ट्यातली. तिला पेन्शनमध्ये १०० घालायला स्वतःचे ६०च लागतात, म्हणून ८० मध्ये १३३ जमतात. निवृत्तीनंतर ती खालच्या पट्ट्यात आली तर हाती ११३ उरतात. तिलाही पेन्शन बरी.

तेव्हा निवृत्तीसाठी लायसा खरा उपयोगी पडतो तो स्वतःचा धंदा करणाऱ्या, मध्यम उत्पन्नाच्या माणसाला. ज्याला मालकच नाही त्याला. रंगारी, टॅक्सीचालक, घरी केशकर्तन करणारी, फ्रीलान्स संपादक. आपोआप पेन्शनची व्यवस्था या मंडळींना लागू नाही, त्यामुळे इथे मोठी पोकळी होती. पण तिथेही दोन अडचणी आहेत. चाळिशी उलटली की खाते उघडता येत नाही, आणि धंदा जरा स्थिरावून पेन्शनचा विचार सुचायचे वय बहुतेकांचे तेच. पन्नाशीला भर बंद होते. पन्नास ते साठ ही माणसाची सर्वाधिक बचतीची वर्षे. मुले हाताशी आलेली असतात, कर्ज फिटत आलेले असते. नेमका तेव्हाच सरकार हात आखडता घेते.

खात्यातला पैसा ठेवायचा कशात, हा प्रश्न दुहेरी हेतूमुळे सुटतच नाही. दोन वर्षांत घर घ्यायचे असेल तर पैसा रोख ठेवावा. शेअर बाजार नेमका त्या महिन्यात आपटला तर घर गेले. तीस वर्षांनी निवृत्तीसाठी लागणार असेल तर रोख ठेवणे म्हणजे महागाईला खाऊ घालणे. एकतीस वर्षांच्या माणसाला घर होईल की नाही हेच माहीत नसेल, तर त्याने काय करावे? बहुतेक जण रोख ठेवतात. घर झाले नाही तरी पैसा रोखीतच पडून राहतो.

अल्प उत्पन्नाच्या लोकांबाबतचा नियम तर विचित्रच. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट नावाचे सरकारी साहाय्य मिळते. तुमच्याकडे ६ हजार पौंडांहून जास्त बचत असेल तर ते कमी होऊ लागते, १६ हजारांच्या वर असेल तर बंद होते. पेन्शनमध्ये साठवलेला पैसा यात धरत नाहीत. लायसातला धरतात, निवृत्तीसाठी ठेवलेला असला तरी. मग नोकरी गेलेल्या माणसाने काय करायचे? दंड भरून पैसे काढायचे आणि त्यावर जगायचे. एका हाताने पंचवीस टक्के देणारे सरकार दुसऱ्या हाताने त्याच बचतीबद्दल मदत थांबवते.

इथपर्यंत प्रश्न ‘मला परवडते का’ असा होता. ‘सरकारला परवडते का’ हा दुसरा. ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय अंदाज कार्यालयाच्या हिशेबाने २०२९-३० पर्यंतच्या पाच वर्षांत या खात्यावर सुमारे ३ अब्ज पौंड खर्च होतील. एवढ्या पैशातून नवी बचत किती तयार होते? याचे सर्वांत स्वच्छ उत्तर ब्रिटनमधून आलेले नाही. ते डेन्मार्कमधून आले. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या नागरिकांच्या बचतीच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. डेन्मार्कने १९९९ मध्ये जास्त उत्पन्नाच्या लोकांची एका प्रकारच्या पेन्शन खात्यावरची करसवलत कमी केली होती. त्यानंतर काय झाले ते त्यांनी पाहिले. साधारण ८५ टक्के लोकांनी काहीच केले नाही. पूर्वीइतकेच भरत राहिले किंवा भरत नव्हते तर भरत नव्हते. उरलेल्या १५ टक्क्यांनी हालचाल केली, पण त्यांनी या खात्यातला पैसा त्या खात्यात नेला, एवढेच. सवलतीवर सरकारने खर्च केलेल्या प्रत्येक क्रोनमागे एकूण बचत जेमतेम एक शतांश क्रोनने वाढत होती. याउलट पगारातून आपोआप कापलेली रक्कम मात्र खरोखर नवी बचत ठरत होती, कारण त्या ८५ टक्क्यांनी ती कुठून दुसरीकडून काढून भरपाई केली नाही.

ब्रिटनचा स्वतःचा अनुभव यापेक्षा वेगळे सांगत नाही. आपोआप पेन्शन सुरू झाली त्या २०१२ मध्ये पात्र नोकरदारांपैकी ५५ टक्के कामाच्या ठिकाणच्या पेन्शनमध्ये होते. दहा वर्षांच्या आत ते प्रमाण ८८ टक्क्यांवर गेले. त्यासाठी सरकारने करसवलतीचा दर वाढवला नव्हता. फक्त आत यायला अर्ज भरण्याऐवजी बाहेर पडायला अर्ज भरावा लागेल, अशी उलटी व्यवस्था केली. भर देणारी खाती कुणाच्या नजरेस पडतात? जो वर्तमानपत्रातले अर्थविषयक पान वाचतो, व्याजदरांची तुलना करतो, ३९ व्या वर्षी एक पौंड टाकून का होईना खाते उघडून ठेवतो, त्याच्या. (हे एक पौंडाचे शहाणपण खरे आहे, बारा महिन्यांचे घड्याळ त्याने चालू होते.) हा माणूस तसाही बचत करणाराच असतो.

घर आणि म्हातारपण एकाच खात्यात घालणे मुळातच चूक आहे का? मला तसे वाटत नाही. आपल्याकडचा भविष्य निर्वाह निधी निवृत्तीसाठी असूनही घरासाठी त्यातून पैसे काढता येतात आणि हजारो मध्यमवर्गीयांची घरे त्यावर उभी आहेत. न्यूझीलंडच्या किवीसेव्हर योजनेत तीन वर्षे सदस्य राहिल्यावर पहिल्या घरासाठी पैसे काढता येतात. कॅनडाने २०२३ मध्ये पहिल्या घरासाठीचे बचत खाते आणले. त्यात वर्षाला ८ हजार आणि एकूण ४० हजार डॉलर भरता येतात, भरताना करसवलत मिळते, घरासाठी काढताना कर नाही. घर झालेच नाही तर? सगळी रक्कम निवृत्तीच्या खात्यात वळवता येते, दंडाशिवाय. घराचा बेत फसणे हा गुन्हा नाही, एवढे त्या रचनेने मान्य केले आहे. उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. तिथे २००८ मध्ये पहिल्या घरासाठी सरकारी भर असलेली खाती निघाली, नियम इतके जाचक होते की लोक फिरकलेच नाहीत, आणि २०१४ च्या अर्थसंकल्पात ती गुंडाळली गेली.

आणि खुद्द ब्रिटनमध्येच दंड नसलेली योजना आधी होती. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या हेल्प टू बाय आयसात महिन्याला २०० पौंड ठेवता येत आणि भर २५ टक्केच होती, एकूण ३ हजारांपर्यंत. पण ती भर खात्यात वर्षानुवर्षे साठत नसे. घराचा व्यवहार पुरा होताना एकदाच मिळे. त्यामुळे आधी पैसे काढणाऱ्याला भर मिळत नसे इतकेच. कापून घ्यायचे काही नव्हते. तिचीही अडचण होती. भर अगदी शेवटी येत असल्याने करार करताना द्यायच्या बयाण्याला ती उपयोगी पडत नसे, आणि २०१६ मध्ये हे लोकांच्या लक्षात आल्यावर बरीच ओरड झाली. शिवाय लंडनबाहेर घराची मर्यादा अडीच लाखांचीच होती. नोव्हेंबर २०१९ नंतर ही खाती नव्याने उघडणे बंद झाले.

ब्रिटिश संसदेच्या अर्थविषयक समितीने २०१८ मध्येच लायसा बंद करावा असे सुचवले होते. ३० जून २०२५ ला याच समितीचा नवा अहवाल आला. अध्यक्ष मेग हिलियर. दोन हेतू एकत्र बांधल्यामुळे लोक आपल्याला न शोभणाऱ्या ठिकाणी पैसा ठेवत असावेत आणि युनिव्हर्सल क्रेडिटवर जगणाऱ्यांना तर हे खाते विकणेच चुकीचे ठरू शकते, असे समितीने म्हटले. सुमारे तेरा लाख खाती उघडलेली असताना एवढ्या दंडवसुलीचा अर्थ काय, हा प्रश्नही तिने ठेवला.

नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी त्यावर निर्णय दिला. पहिले घर घेणाऱ्यांसाठी अधिक सोपा, नवा आयसा आणण्याबाबत २०२६ च्या सुरुवातीला लोकांची मते मागवायची, आणि तो तयार झाला की लायसाच्या जागी तोच द्यायचा. दोन डगरींपैकी एक सोडायची ठरली आहे. घर घेणाऱ्यांसाठी त्यातून काही बरे निघेल अशी आशा करायला जागा आहे, विशेषतः लंडनच्या किमतींकडे आणि दंडाच्या त्या सव्वासहा टक्क्यांकडे कुणी नीट पाहिले तर. पण त्या नव्या खात्याच्या घोषणेत म्हातारपणाचा उल्लेख नाही. वर आकडेमोडीत आलेली पहिली बाई, जिला मालक नाही, जिच्यासाठी ८० चे शंभर होत होते आणि पेन्शनमध्ये ८५ होतात, ती या बदलात कुठे बसते याचे उत्तर अजून कुठल्याच अर्थसंकल्पात आलेले नाही.